बर्फावर गाडी चालवताना: ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो रस्ता

ताशी १० किलोमीटर म्हणजे काही वेग नव्हे. शाळकरी पोरं सायकलवर याहून जोरात जातात. बर्फावरचा माझा पहिला धडा मात्र याच वेगात झाला. पार्किंगमधून बाहेर पडायला जेमतेम दोन गाड्यांच्या लांबीचा उतार होता. रात्री त्यावरून ओघळलेलं पाणी गोठून पातळ थर धरला होता. खालच्या रस्त्यावरून ट्रक येताना दिसला म्हणून मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल खर्रर्र थरथरलं आणि गाडी, काही झालंच नाही अशा थाटात, पुढे सरकत राहिली. मी पाय आणखी रोवला. गाडीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शेवटी कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगात तिनं तोंड खुपसलं आणि थांबली. ट्रक निघून गेला. बंपरवर ओरखडाही नव्हता. माझे हात मात्र बराच वेळ कापत होते, आणि ते थंडीनं नव्हे.

ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवणं रस्त्याच्या हातात असतं, हे त्या तीन-चार सेकंदांत डोक्यात पक्कं बसलं. कोरड्या डांबरावर रस्ता नेहमी साथ देतो, म्हणून आपल्याला हे कधी जाणवत नाही.

आधी थोडं गणित

टायर आणि कोरडं डांबर यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, साधारण ०.७ असतो. रस्ता ओला झाला की तो ०.४ ते ०.५ वर येतो, चाकांखाली दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ च्या आसपास आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ०.१. याचा अर्थ असा: ताशी ५० किमी वेगात ब्रेक दाबला तर गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १४ मीटरमध्ये थांबते, घट्ट बर्फावर ५० मीटर घेते आणि काचेसारख्या बर्फावर १०० मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. तेवढ्यात गाडी आणखी १४ मीटर पुढे गेलेली असते. वेग ३० वर आणला, तर ते १०० मीटर ३५ वर येतात. वेग निम्माही झालेला नाही, अंतर मात्र एक तृतीयांश झालं.

दुसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटते. उणे १५ अंशांचा कडकडीत बर्फ शून्याजवळच्या बर्फाइतका निसरडा नसतो. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे वरचा अतिशय पातळ थर पाण्यासारखा सैल राहतो. तापमान शून्याकडे सरकेल तसा हा थर वाढतो. म्हणून ‘आज ऊन पडलंय, बर्फ वितळायला लागलाय’ असा दिवस सुटकेचा समजू नका. दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावरच थांबतं आणि सूर्य कलला की तिथेच गोठतं. ती संध्याकाळ सगळ्यात वाईट.

तिसरी गोष्ट हाताळणीची. टायरची पकड ही एकच थैली आहे. ब्रेक, वळण आणि रेस, तिघांचाही खर्च तिच्यातूनच निघतो. कोरड्या रस्त्यावर थैली भरलेली असते, वळता वळता ब्रेक मारला तरी भागतं. बर्फावर थैलीत चिल्लर उरलेली असते. म्हणून एका वेळी एकच काम करायचं: सरळ रेषेत वेग कमी करा, ब्रेक सोडा, मग वळा, गाडी सरळ झाली की हलकी रेस द्या. पुढचे बहुतेक सगळे सल्ले याच नियमातून निघतात.

टायर: इथे काटकसर नको

उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत बसेनासं होतं, मग बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात. टायर टेकला की त्या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. खोल खाचांत अडकलेला बर्फही कामाला येतो, कारण भुसभुशीत बर्फाला बर्फच चांगला धरतो. असा टायर पहिल्यांदा बनला तो १९३४ मध्ये फिनलंडमध्ये, ट्रकसाठी.

विकत घेताना टायरच्या बाजूवरची खूण बघा. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो, त्यामागे चाचणी असेलच असं नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, ही खूण मात्र बर्फावरची ठरावीक चाचणी पार केल्याशिवाय मिळत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हीच खूण ग्राह्य आहे.

टायर चारही बदलायचे. पैसे वाचवायला पुढचे दोनच बदलले, तर गाडीचं तोंड बर्फाला धरतं आणि पार्श्वभाग मोकाट सुटतो. पहिल्याच वळणावर गाडी भोवरा होते. नक्षीची खोली बऱ्याच देशांत कायद्यानं १.६ मिमी पुरते, पण बर्फासाठी ४ मिमीच्या खाली गेलेला टायर निवृत्त झाला असं समजा. ऑस्ट्रियात तर ४ मिमीपेक्षा कमी नक्षीचा टायर कायद्यानं हिवाळी धरतच नाहीत.

हवा महिन्यातून निदान दोनदा बघा. तापमान दर ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयनं घटतो. शरद ऋतूत भरलेली हवा कडाक्याच्या थंडीत आपोआप कमी झालेली असते. दाब गाडी रात्रभर उभी असताना, टायर गार असतानाच मोजा. ‘बर्फात हवा कमी ठेवली की पकड वाढते’ असं सांगणारे भेटतील. वाळूत रुतलेल्या जीपसाठी ती युक्ती ठीक आहे. रोजच्या रस्त्यावर ती टायर खराब करते आणि गाडी डुलवते.

खिळे बसवलेले टायर काचेसारख्या बर्फावर फारच कामाचे, पण उघड्या डांबरावर ते रस्ताही खरवडतात. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे इथे ते चालतात, जर्मनीत त्यांना बंदी आहे. आपण जिथे चालवणार तिथला नियम आधी बघून घ्या.

साखळ्या ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना लावायच्या. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत कुठे लावायच्या ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. लावल्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणून घ्या, कारण पहिल्या फेऱ्यांत त्या हमखास सैल पडतात. ताशी ५० किमीच्या वर जायचं नाही. पुस्तिकेत याहून कमी लिहिलं असेल तर तेवढंच. डांबर उघडं लागलं की काढा. आणि पहिला सराव घरासमोर, दिवसाउजेडी, कोरड्या जमिनीवर करा. अंधारात, वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना पाकीट पहिल्यांदा फोडणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असली की माणूस निर्धास्त होतो. ती सुटायला मदत करते, चढ चढायला मदत करते. थांबायला आणि वळायला तिची काही मदत नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. बर्फात खड्ड्यात गेलेल्या गाड्यांकडे बघा, त्यांत दणकट गाड्या काही कमी दिसत नाहीत.

बॉनेटखाली

बॅटरीचा हिवाळ्याशी दुहेरी झगडा असतो. उणे १८ अंशांत शिसे-आम्लाची बॅटरी आपल्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास उरते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. चार-पाच वर्षांची बॅटरी असेल तर हिवाळा लागण्याआधी तपासून घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर दाब १२.६ व्होल्टच्या आसपास हवा. सेल्फ मारताना आवाज रेंगाळू लागला तर ती सूचना समजा. एक धोका फारसा कुणी सांगत नाही: भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली काही अंशांतच गोठू शकते. डबा फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर तिला जम्प स्टार्ट द्यायला, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून गाडी सुरू करायला, जाऊ नका, ती फुटू शकते.

कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, अँटीफ्रीझ आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवलं की मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त घातलं तर जास्त चांगलं, असं मात्र नाही: अँटीफ्रीझमधलं मुख्य द्रव्य, एथिलीन ग्लायकॉल, निव्वळ असेल तर उणे १३ अंशांजवळच गोठतं. हे द्रव्य चवीला गोड आणि विषारी आहे, म्हणून सांडलेलं लगेच पुसा. कुत्री-मांजरी ते चाटतात.

ऑइलच्या डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ. पुस्तिकेत परवानगी असेल तर कडक थंडीत ‘०डब्ल्यू’ घ्या. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी अजिबात नको. ते गोठून टाकी आणि पंप फोडतं, आणि चालत्या गाडीच्या काचेवर पडताक्षणी पांढरा पडदा धरतं. हिवाळी द्रव घाला आणि नळ्यांपर्यंत पोहोचेल इतकं एकदा उडवून घ्या.

डिझेल गाडीवाल्यांसाठी: थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर तुंबतो. थंड प्रदेशात पंपांवर हिवाळ्यात वेगळं डिझेल येतं. उबदार भागातून टाकी भरून थेट डोंगरात जायचं असेल, तर वाटेत हिवाळी डिझेल भरून घ्या. इंधन कुठलंही असो, टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. अडकून पडलात तर तीच तुमची शेकोटी.

इलेक्ट्रिक गाडीचा पल्ला थंडीत चांगलाच घटतो. प्लग लावलेला असतानाच गाडी आणि बॅटरी गरम करून घ्या. केबिनच्या हीटरपेक्षा सीटचा आणि स्टिअरिंगचा हीटर फार कमी वीज खातो.

डिकीत

लहान फावडं, काच खरवडायचं साधन आणि ब्रश, वाळूची पिशवी, टॉर्च, जम्पर केबल, ओढायचा दोर, परावर्तक त्रिकोण, ब्लँकेट, टोप्या, कोरडे मोजे, जाड हातमोजे, पाणी, न गोठणारं खाणं, रोजची औषधं, फोनची पॉवर बँक. पॉवर बँक डिकीत नको, खिशात ठेवा. गारठली की ऐन वेळी दगा देते. फावड्याचंही तसंच: ते मागच्या सीटजवळ असेल तर बरं, कारण डिकीचं झाकणच गोठून बसलं तर आतलं फावडं काय कामाचं?

निघण्याआधीची १५ मिनिटं

पहिला प्रश्न, जायलाच हवं का? दोन तास थांबलं की बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरलेल्या असतात, उजेड असतो. बर्फातला निम्मा शहाणपणा किल्ली खिशातच ठेवण्यात आहे.

जायचंच असेल तर एवढं करा:

१. आधी एक्झॉस्टचा पाइप बर्फानं बुजलेला नाही ना ते बघा, मगच इंजिन चालू करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन गरम करत ठेवू नका, दार उघडं असलं तरीही.

२. किल्ली फिरवण्याआधी वायपरचा खटका बंद असल्याची खात्री करा. रात्री वायपर चालू ठेवून गाडी बंद केली असेल, तर सुरू होताच तो गोठलेल्या पात्याशी झटापट करतो आणि मोटर जळते.

३. दार गोठलं असेल तर ओढू नका. आधी खांद्यानं आत दाबा; कडेचा बर्फ ‘कट्’ करून फुटतो, मग उघडा. ओढून रबर फाटतं. हिवाळ्याआधी रबरांना सिलिकॉन चोळलेलं असलं की ही वेळ येत नाही.

४. छतापासून खाली साफ करत या. छतावर सोडलेला बर्फ पहिल्या ब्रेकला घसरून पुढच्या काचेवर येतो आणि क्षणात समोर भिंत. नाहीतर मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. पूर्ण काच मोकळी करा. तळहाताएवढं भोक पाडून त्यातून डोकावत चालवणारे महाभाग दर हिवाळ्यात दिसतात. गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

५. सगळे दिवे पुसा. एलईडी दिवे पुढच्या बाजूला फारसे तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही. प्रवासातही थांबाल तेव्हा पुसा.

६. आतून काचेवर वाफ धरली तर हीटरच्या जोडीला एसीही चालू करा आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद ठेवा. थंडीत एसी? हो, कारण तो हवेतला ओलावा काढून टाकतो.

७. बुटांचे तळवे झटका. तळव्याला चिकटलेल्या बर्फानं पाय पेडलवरून सटकतो. जाड जॅकेट काढून मग बेल्ट लावा, नाहीतर बेल्ट कापसावर आवळला जातो, अंगावर नाही. मुलांच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं: जॅकेट काढा, पट्टे आवळा, वरून ब्लँकेट घाला.

रस्त्यावर

निघाल्यावर पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये, मागे कुणी नाही हे आरशात बघून, हळू वेगात ब्रेक हलकेच दाबून पाहा. आज रस्ता किती धरतोय ते पायाला कळतं, आणि त्यावर दिवसाचा वेग ठरवा.

सुटताना हात-गिअर असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडत. पायाखाली कच्चं अंडं आहे असं धरून रेस द्या. क्रूझ कंट्रोल बंद. चाक घसरलं की ते वेग टिकवायला रेस वाढवतं, आणि नेमकं तेच नको असतं. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलल्यावर लागणारा ब्रेक सौम्य करून ठेवा. काही गाड्यांत तो इतका जोरदार असतो की निसरड्यावर त्यानंच चाक सटकतं.

पुढच्या गाडीपासून अंतर सेकंदात मोजा. ती एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला लागा, आपण त्याच खांबापाशी पोहोचेपर्यंत. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद पुरतात, बर्फावर आठ ते दहा हवेत. एवढी जागा सोडली की कुणीतरी मध्ये घुसतं. घुसू द्या, पुन्हा मागे राहा. तुमच्या पाठीला कुणी चिकटला असेल तर त्याला वाट द्या, पण त्याच्यासाठी वेग वाढवू नका.

सिग्नल लांबून लाल दिसला की तिथूनच पाय उचला. खरी गंमत अशी की गाडी रांगत राहिली आणि सिग्नल हिरवा झाला, तर थांबणं आणि पुन्हा सुटणं, दोन्ही घसरड्या कामांतून सुटका होते. सिग्नलजवळचे शेवटचे काही मीटर सगळ्यांच्या ब्रेकनं घासून आरशासारखे झालेले असतात हेही लक्षात ठेवा.

बर्फ बाजूला सारणारी गाडी पुढे असेल तर तिच्यामागे निवांत राहा. तिच्या पुढचा रस्ता तिच्या मागच्यापेक्षा वाईटच असणार, मग ओव्हरटेक करून मिळवायचं काय? टाकलेल्या मिठावरही आंधळा भरवसा नको. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, पण उणे ९-१० अंशांखाली साध्या मिठाचा जोर ओसरतो.

न दिसणारा बर्फ

ब्लॅक आइस खरं तर काळा नसतो. तो पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. मीटरवर बाहेरचं तापमान ३-४ अंशांवर आलं की बऱ्याच गाड्या ‘टिंग’ करून इशारा देतात. तो गांभीर्यानं घ्या, कारण सेन्सर हवा मोजतो, रस्ता नाही. निरभ्र रात्री रस्ता हवेपेक्षा गार असतो.

तो कुठे भेटेल याचा अंदाज बांधता येतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. झाडांच्या किंवा कड्याच्या सावलीतलं वळण, नदीकाठ, डोंगरातून पाणी झिरपणारी जागा, बोगद्याची तोंडं. वेळ विचाराल तर पहाट आणि सूर्योदयानंतरचा थोडा काळ.

ओळखायचा कसा? कानांनी. ओल्या रस्त्यावर टायर सतत ‘सस्स’ आवाज करतात. रेडिओ बंद ठेवला असेल तर कळतं: तो आवाज एकदम विझतो आणि गाडीत विचित्र शांतता पसरते. त्याच क्षणी स्टिअरिंग हाताला हलकं लागतं, जणू खालचा जोड कुणी सोडवला. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत, हीसुद्धा पक्की खूण. अशा वेळी काहीही करायचं नाही: ब्रेक नाही, वळण नाही, रेसवरचा पाय अलगद उचला आणि पट्टा संपेपर्यंत सरळ जाऊ द्या. हे ‘काहीही न करणं’ फार अवघड आहे, पाय आपोआप ब्रेककडे धावतो.

गोठता पाऊस, म्हणजे रस्त्याला टेकताच गोठणारा पाऊस, हा याचाच मोठा भाऊ. ११ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थजवळ अशा पावसानं गुळगुळीत झालेल्या महामार्गावर १३० हून अधिक वाहनं एकमेकांवर आदळली, ६ माणसं गेली. गोठत्या पावसाचा इशारा असेल तर टायर कितीही चांगले असोत, निघू नका. वाटेत गाठला तर पहिल्या सुरक्षित जागी बाहेर पडा.

चढ आणि उतार

चढाला पायथ्याशी थांबून पुढची गाडी पूर्ण वर जाऊ द्या. मग एका संथ वेगात, गिअर न बदलता, न थांबता चढा. मध्येच थांबलात तर पुन्हा सुटणं कठीण. चाकं जागच्या जागी फिरू लागली तर रेस वाढवू नका, कमी करा.

उताराला माथ्यावरच वेग पार कमी करून खालचा गिअर टाका. इंजिनच गाडी धरून ठेवतं. पण निव्वळ काचेसारख्या बर्फावर इंजिनचा हा ब्रेकही जास्त होतो आणि चाकं घसरू लागतात. तसं वाटलं तर क्षणभर क्लच दाबा, चाकं पुन्हा फिरू द्या.

घसरलीच तर

दोन प्रकार असतात आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

स्टिअरिंग वळवलंय पण गाडी सरळच चाललीय, म्हणजे पुढची चाकं घसरलीत. मन सांगतं आणखी वळव. नेमकं उलट करा: रेस सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, चाकं पुन्हा धरेपर्यंत थांबा, मग हळू वळवा.

पार्श्वभाग एका बाजूला पळतोय, म्हणजे मागची चाकं सुटलीत. रेस सोडा, ब्रेकला हात लावू नका, क्लच दाबा आणि जिकडे जायचंय तिकडे बघत तिकडेच स्टिअरिंग वळवा. गाडी परत येऊ लागली की लगेच स्टिअरिंगही सरळ करत आणा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला दुप्पट जोरानं फेकली जाते. नजर खांबावर खिळली की हात गाडी खांबाकडेच नेतात; नजर मोकळ्या जागेवर ठेवा. गाडी पूर्णच भोवरा झाली तर मग वाचवायचं काही राहिलेलं नसतं: क्लच आणि ब्रेक, दोन्ही दाबून धरा.

समोर अडथळा आणि थांबणं भागच असेल तर एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल थरथरेल, खडखडेल; माझ्या त्या उतारावर मी घाबरलो तो याच आवाजाला. आजच्या धाटणीची ही यंत्रणा १९७८ मध्ये बाजारात आली ती ब्रेक मारतानाही गाडी वळवता यावी म्हणून. ती वापरा, बाजूला वळून निघा. भुसभुशीत बर्फात मात्र एबीएसमुळे अंतर वाढूही शकतं, कारण अडकलेल्या चाकापुढे साचून गाडीला अडवणारा बर्फाचा पाचर तयार होत नाही.

हे वाचून येत नाही. स्वीडनमध्ये परवाना मिळण्याआधी निसरड्या मैदानावर गाडी चालवून पाहावीच लागते. आपल्यालाही मोकळं, परवानगी असलेलं, खांब-दुभाजक नसलेलं मैदान मिळालं तर ताशी २० च्या वेगात मुद्दाम घसरवून बघा.

रुतली तर

रेस देऊन चाक फिरवत राहिलं की खालचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि चाक स्वतःचीच बशी कोरतं. थांबा. स्टिअरिंग सरळ करा, चाकांपुढचा-मागचा आणि पोटाखालचा बर्फ फावड्यानं काढा, ताकद जाणाऱ्या चाकांखाली वाळू टाका. वाळू नसेल तर पायपुसणं घाला, पण त्याच्या मागे कुणी उभं राहू नका, ते गोळीसारखं उडतं. स्थिरता राखणारी यंत्रणा तेवढ्यापुरती बंद करा, कारण ती चाकाची ताकदच कापते. मग पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून गाडीला झोके द्या. सुटली की यंत्रणा पुन्हा चालू करा. हे हमखास विसरतं.

अडकून पडलात तर

जानेवारी २०२२ च्या एकाच आठवड्यात दोन घटना घडल्या. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आय-९५ महामार्गावर शेकडो गाड्या बर्फात रात्रभर अडकल्या. सिनेटर टिम केन यांना त्या प्रवासाला जवळपास २७ तास लागले. काही दिवसांनी पाकिस्तानातल्या मरीजवळ पर्यटकांच्या गाड्या बर्फात गाडल्या गेल्या आणि २० हून अधिक माणसं गाडीतच दगावली. थंडीबरोबरच बंद गाड्यांत साचलेला कार्बन मोनॉक्साइडही कारण असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं. या वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि माणूस झोपतो तो उठत नाही.

म्हणून एक्झॉस्टभोवतीचा बर्फ आधी काढा आणि दर वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा काढा. इंजिन तासाला साधारण १० मिनिटंच चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत हा धोका नाही; तिथे फक्त सीटचा हीटर चालवा आणि वीज पुरवून वापरा.

गाडी सोडून चालत निघू नका. हिमवादळात ५० मीटरवरची गाडीही दिसेनाशी होते, आणि शोधणाऱ्यांना गाडी सापडते, माणूस सापडत नाही. अँटेनाला किंवा दाराला भडक रंगाचं कापड बांधा. रात्री इंजिन चालू असेल तेव्हा आतला दिवा लावा. हात-पाय हलवत राहा, सगळ्यांनी एकदम झोपू नका. दारू अंगात ऊब आणत नाही, शरीरातली ऊब बाहेर घालवते. तहान लागली तर बर्फ तसाच खाऊ नका, वितळवून प्या. कुणी थरथरायचा थांबला, बरळू लागला तर तो सावरला असं समजू नका. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, छाती आणि पोट आधी ऊबदार करा आणि मदतीला पुन्हा फोन लावा.

पोहोचल्यावर

सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये, स्वयंचलित असेल तर पार्कमध्ये ठेवा. जुन्या धाटणीचा केबलवाला हँडब्रेक ओल्या गारठ्यात ओढून ठेवला तर सकाळी सुटत नाही. त्याऐवजी चाकाला अडणी लावा. उतारावर मात्र हँडब्रेक लागतोच, तिथे चाकं कडेच्या दगडाकडे वळवून ठेवा. वायपर बंद करून मगच इंजिन बंद. वारा नसेल तर पाती काचेपासून उचलून ठेवा. जमलं तर तोंड पूर्वेकडे, म्हणजे सकाळचं ऊन पहिलं काचेवर पडेल आणि खरवडायचं काम थोडं कमी होईल. मिठाच्या रस्त्यावरून आला असाल तर पारा शून्याच्या वर गेल्यावर गाडीचा तळ पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन घ्या आणि दारांच्या कडा कोरड्या पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा खांद्यानं दार दाबायची वेळ येईल.